तांबड्या अस्तराचा खिसा

आत्या आज जिना उतरून खाली येणार होती, आणि त्या घरात ही गोष्ट लग्नापेक्षा मोठी होती.

आत्या वर राहायची, आई खाली. दोघी नणंद-भावजया. एका छपराखाली, एकाच चुलीवरचं खाऊन, एकाच नळाचं पाणी पिऊन आयुष्य काढलं, पण कारखान्यातल्या बायकांच्या संपापासून एकमेकींशी अक्षर बोलल्या नाहीत. बोलायची गरज पडली तर टपाल होतीच. टपाल म्हणजे आईची धाकटी लेक. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल तेवढंच. ती वर-खाली निरोप पोचवायला लागली, म्हणून दादाने हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की सासरीही तिच्या मागोमाग गेलं. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन ती माहेरी परतली, तेव्हा दार उघडताच आत्या वरून म्हणाली होती, "आलीस? बरं झालं. तुझ्या आईला सांग, वरचा नळ गळतोय."

आईने खालून ऐकलं होतंच. "तिला सांग, आठवडा झाला गळतोय. तिला आत्ता दिसला."

टपाल वर जाऊन म्हणाली, "आई बघते म्हणाली."

ही तिची विद्या. निरोपाचं टोक मोडायचं आणि मगच पुढे द्यायचा. वर जाताना काटे काढायचे, खाली येताना काटे काढायचे. तिने तसाच्या तसा एक जरी निरोप पोचवला असता, तर त्या घराला कधीच दोन दारं पडली असती.

आज मात्र प्रकरण निरोपावर भागणारं नव्हतं. टपालची लेक कपड्यांची डिझायनर झाली होती आणि आज संध्याकाळी तिचा स्वतःचा पहिला शो होता. घरात तिला कात्री म्हणत. लहानपणी हाताला लागेल ते कापायची, पडदे, उशा, एकदा तर झोपलेल्या दादाच्या अंगावरची विजार. आता त्याच हातांनी तिने डझनभर कोट शिवले होते. जाड, निळसर करड्या कापडाचे, कामगार बायकांच्या जुन्या कोटांसारखे सरळसोट, आणि प्रत्येकाच्या उजव्या अंगाला एक तांबडाभडक खिसा. शो कुठे, तर ज्या शिवणकारखान्यात आत्या आणि आई शेजारशेजारच्या मशिनवर बसत, त्याच कारखान्याच्या कापणीच्या दालनात. कारखाना कधीच बंद पडला. आता तिथे लोक लग्नं लावतात आणि प्रदर्शनं भरवतात. आणि शोच्या शेवटी, सगळ्या नव्या कोटांच्या मागून, आत्याचा अस्सल जुना कोट यायचा होता. आत्याने तो पुष्कळ मिनतवाऱ्यांनंतर कात्रीला मापं घ्यायला दिला होता, आणि तो दालनात जाण्याआधी आपण बघणार, असं बजावलं होतं.

म्हणून ती उतरत होती. एक हात कठड्याला, एक हात टपालच्या खांद्याला, काठी टपालच्या काखेत. मागच्या खोलीत, जिथे कात्रीची मशिनं होती, तिथे आई खिडकीपाशी स्टुलावर बसून राहिली होती. टपालने तिला आधी हळूच विचारलं होतं, थोडा वेळ स्वयंपाकघरात बसतेस का म्हणून.

"माझ्या घरात मी कुठे बसायचं ते मी ठरवीन," आई म्हणाली होती. झालं. पुढे बोलायची सोय नव्हती.

दादाही आला होता. दादा म्हणजे टपालचा थोरला भाऊ. संपाच्या वेळी तो शाळकरी होता, पण बोलायला लागला की वाटावं संप त्यानेच घडवला. घरात दोन पक्ष, आणि दादा जन्मभर आत्याच्या पक्षात.

आत्या खोलीत आली, आईकडे न बघता खुर्चीत बसली आणि कोटांच्या रांगेकडे बघत राहिली. कात्री नखं खात होती.

दादाला शांतता सोसत नाही. "मला विचाराल तर," तो म्हणाला, कोणी विचारलं नव्हतं तरी, "मला हे पटलेलं नाही. बायका उन्हातान्हात फाटकावर उभ्या राहिल्या. काजवालीचा जीव गेला. आणि त्याची फॅशन? उद्या कोणीतरी बाई हा कोट घालून हॉटेलात जेवायला जाईल."

"जाऊ दे की मामा," कात्री म्हणाली. "जेवताना शेजारची विचारेल, हा खिसा असा का? मग ती सांगेल. तुमच्या भाषणाला किती लोक असतात दरवर्षी?"

"भाषणाची गोष्ट वेगळी."

"चार म्हातारे आणि चहावाला. मी मोजलेत."

टपालला हसू आलं, ते तिने खोकल्यात दडवलं. दादा आधार मिळेल म्हणून आत्याकडे वळला. "आत्या, तूच सांग हिला."

आत्याने काठीने जवळचा कोट स्वतःकडे ओढला आणि तांबड्या कापडावरून अंगठा फिरवला. "आमच्याकडे करडं अस्तरही होतं," ती म्हणाली. "ढीगभर. खिशाला करडं घेतलं असतं तर कोणाला दिसलंही नसतं. मग आम्ही साहेबी कोटाचं तांबडं का कापलं? उगाच?"

"निशाण म्हणून," दादा म्हणाला.

"डोंबल निशाण. छान दिसत होतं म्हणून." आत्या चक्क हसली. "सगळी हयात त्या मळक्या कोटात गेली. म्हटलं, हाकलणारच आहेत तर जरा नटून तरी जाऊ."

खिडकीपाशी आईच्या तोंडाचा कोपरा हलला. टपालने ते टिपलं. त्या दोघी एकाच गोष्टीला हसल्या, असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

मग आत्या रंगात आली. टपालने ही गोष्ट शंभरदा ऐकली होती, तरी ती दाराला टेकून ऐकत राहिली. कारखान्यात बायकांच्या कोटाला खिसा लावायची बंदी होती. रिळं चोरतील म्हणून. रुमाल, चष्मा, औषध, जे काही असेल ते फाटकावर पिशवीत ठेवायचं आणि संध्याकाळी झडती देऊन परत घ्यायचं. काजं करणाऱ्या बाईला दमा होता. एका दुपारी तिचा श्वास अडकला. तिची औषधाची पुडी फाटकावरच्या पिशवीत होती. कोणीतरी पळालं, पण पुडी येईपर्यंत बाई मशिनवरच गेली.

"दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला," आत्या म्हणाली, "आणि कोणी मशिन चालू केलं नाही. तांबडं अस्तर कापलं, सुया घेतल्या, आणि सगळ्यांनी खिसे लावले. मुकादम आला. पहिलीला विचारलं, हा खिसा तू लावलास? ती म्हणाली, नाही. दुसरीला विचारलं. तीही म्हणाली, नाही. आणि एकही खोटं बोलत नव्हती."

"कसं काय?" कात्रीने विचारलं. ती खाली फरशीवर येऊन बसली होती.

"कारण कोणी आपला खिसा आपण लावलाच नव्हता. जिने-तिने शेजारणीचा लावला. अंगावर कोट असतानाच, उभ्या उभ्या. मशिन नाही, काही नाही. हातटाके, वाकडेतिकडे. कित्येकींचे तर आतल्या झग्यासकट शिवले गेले. घरी गेल्यावर कोट निघेना." आत्याला आठवूनच हसू आवरेना. "तशाच झोपल्या बायका."

कात्रीचे डोळे चमकत होते. आत्या आज कधी नव्हे ती खुलली होती, खोलीत ऊन आलं होतं, सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. टपालला वाटलं, निभावलं.

"आता माझा कोट आण बघू," आत्या म्हणाली.

कात्री उठली आणि आतून पुतळ्यावर चढवलेला कोट ढकलत घेऊन आली. धुतलेला, इस्त्री केलेला, कॉलर ताठ. आणि त्याच्या उजव्या अंगाला काहीच नव्हतं. फक्त खिशाच्या आकाराचं गडद कापड, जिथे इतकी वर्षं ऊन लागलं नव्हतं.

"खिसा इथे आहे," कात्री मोठ्या हौसेने म्हणाली आणि टेबलावरचा कागद उचलला. त्यावर तांबडा तुकडा टाचण्यांनी सपाट लावला होता, भोवती पेन्सिलीची रेघ. "नीट साचा काढायचा तर उसवावाच लागतो, आत्याआजी. सगळे नवे खिसे याच्यावरून कापलेत. आता हा मशिनवर पक्का लावून देते. अर्ध्या मिनिटाचं काम."

आत्या कागदाकडे बघत होती. "दोरा कुठाय?"

"कुठला दोरा?"

"टाक्यांचा."

"तो होय. तो पार कुजला होता. हात लावला की तुटत होता." कात्रीचा आवाज बारीक झाला. "टाकून दिला."

आत्या काठी टेकून उठली. "कोट वर नेऊन ठेव, टपाल. तो कुठे जाणार नाही. मीही नाही."

दादाला एवढंच हवं होतं. "अक्कल गहाण टाकली होती का?" तो कात्रीवर खेकसला. "संपाची खूण ती. जीव लावून जपलेली. विचारायचं तरी."

"कोणाला विचारू?" कात्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मागे हटली नाही. "या घरात कोणी काही सांगतं का? एक वर, एक खाली, आणि मधे माझी आई. खिसा मला दिसला, म्हणून मी खिसा जपला. दोऱ्यातही काही आहे, हे मला कोणी सांगायला नको?"

"लेकराला ओरडू नकोस," खिडकीतून आई म्हणाली. सगळे वळले. "तिला ठाऊक नव्हतं. पण तिच्या आत्याआजीचंही चुकत नाही. टाके उसवायचे नसतात."

दादा आ वासून बघत राहिला. आईने आत्याची बाजू घेतली, हे त्याच्या कुठल्याच भाषणात बसत नव्हतं.

आत्या दारापर्यंत पोचली होती. ती थांबली, पण वळली नाही.

"टपाल," आई म्हणाली, "तिला विचार, त्या टाक्यांचं तिला एवढं काय? माझेच होते ते. काही फार चांगले नव्हते."

टपालने तोंड उघडलं. विचारायची गरज नव्हती, आत्या हातभर अंतरावर होती. पण सवय.

"तिला सांग," आत्या दाराकडे तोंड करूनच म्हणाली, "तिचं माझ्याकडे तेवढंच होतं."

टपालने आईकडे पाहिलं. जन्मभर ती निरोपांची टोकं मोडत आली होती. या निरोपाचं काय मोडायचं, हे तिला कळेना. तिला एकदम राग आला, आत्याचा, आईचा, त्या जिन्याचा, स्वतःच्या नावाचा.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली.

"काय?"

"टपाल बंद. तुमचं तुम्ही सांगा." आता सुरू झालं होतं ते थांबेना. "मी चार वर्षांची होते. छातीत कफ भरला होता, ताप उतरत नव्हता. कारखान्याचा दवाखाना फक्त कामावर असलेल्यांच्या पोरांना होता. म्हणून आई संप मोडून आत गेली. हे मला कोणी कधी सांगितलं नाही, आणि ठाऊक नाही असा एक दिवस गेला नाही. ज्या तापापायी तुमचं बोलणं तुटलं तो ताप माझा होता. तेव्हापासून वर-खाली करतेय. फेडतेय. आता माझे गुडघे दुखतात."

कात्रीने पुढे येऊन टपालचा हात धरला.

आत्या वळली. तिचा चेहरा उतरला होता. "तुला कोणी सांगितलं तुझ्यापायी म्हणून?" ती टपालला म्हणाली. "ताप आलेलं पोर घेऊन आई दवाखान्यात जाणार नाही तर काय करणार? त्याचा राग कोणाला आहे?"

"मग कसला आहे?"

आत्याने उत्तर दिलं, पण टपालला नाही. तिने मान खिडकीकडे वळवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ आईकडे बघितलं. "मुकादमाने फाटकावर तुझ्या हातात पातं दिलं. खिसा काढ, मग आत ये, म्हणाला. मी समोर उभी होते, वहिनी. तुझा खिसा मी लावला होता. कोणी आपला आपण लावला नव्हता, मग आपला आपण उसवायचा कसा? मला हाक मारायची होतीस. मी येऊन उसवला असता. सगळ्यांच्या देखत मी उसवला असता आणि म्हटलं असतं, जा."

आईने आपल्या हातांकडे बघितलं.

"तू जा म्हणाली नसतीस," ती म्हणाली. "तू म्हणाली असतीस, आणखी एक दिवस थांब. आणि तुझा शब्द मी कधी मोडला नव्हता. मी थांबले असते." तिने टपालकडे बोट केलं. "आणि ही राहिली नसती. म्हणून हाक मारली नाही."

आत्या खुर्चीवर परत बसली. बाहेर रस्त्यावरून कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं. दादाने बोलायला तोंड उघडलं, टपालने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटलं.

"म्हणाले असते," आत्या शेवटी म्हणाली. "बहुतेक तसंच म्हणाले असते."

एवढंच. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. त्या घरातल्या बायकांना ते जमत नाही. पण थोड्या वेळाने आत्याने पुतळ्याकडे काठी दाखवली. "दे तो कोट इकडे. माझ्या अंगावर घाल."

कात्रीने कोट चढवला. म्हातारीच्या अंगावर तो सैल झाला होता, खांदे उतरले होते. आत्या उभी राहिली, एक हात टेबलाला टेकून. आई स्टुलावरून उठली, कागदावरच्या टाचण्या काढल्या, आणि तांबडा तुकडा हातात घेतला. कात्रीने मशिनकडे बघितलं, मग मुकाट्याने हातसुई शोधली. आईला सुईचं नेढं दिसेना, दोरा काही केल्या जाईना. तेवढं टपालने केलं.

आई आत्याच्या उजव्या अंगाला टेकून शिवू लागली. एक टाका, मग दुसरा. दोघींची डोकी इतकी जवळ होती की टपालला त्यांचे पांढरे केस वेगळे ओळखता येईनात.

"टपाल, तिला सांग, सुई टोचतेय," आत्या म्हणाली.

टपाल ढिम्म उभी राहिली.

आत्याने वाट बघितली. मग म्हणाली, "वहिनी, सुई टोचतेय."

"मग हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? तुला दिसत नाहीये."

"तेव्हाही हेच म्हणत होतीस."

शेवटची गाठ मारून आईने दोरा दाताने तोडला. खिसा वाकडा लागला होता, एक कोपरा वर, एक खाली. कात्री हरखून बघत होती. तिने रांगेतल्या आपल्या कोटांकडे बघितलं, मशिनच्या टिपा मारलेल्या, सरळ, एकासारखा एक.

"काढते आता," ती म्हणाली आणि आत्याच्या खांद्यावरून कोट सोडवू लागली. कोट निघेना. तिने खाली वाकून बघितलं. "आजी, तू आतल्या झग्यासकट शिवलंस."

दादाने कपाळाला हात लावला. "घ्या. आता दोन तासांवर शो आहे आणि कोट निघत नाहीये. दे ते पातं, दोन टाके कापले की..."

"हात लावू नकोस," आत्या आणि आई एकदम म्हणाल्या.

टपालला खदखदून हसू आलं आणि तिला ते आवरलंच नाही. हसता हसता ती रडायला लागली आणि मग कोणी तिच्याकडे बघितलं नाही, तेच बरं झालं.

"निघणार नाही तर नाही," आत्या म्हणाली. "कोट जायचा असेल तर मलाच जावं लागेल. किती चालायचं असतं गं, कात्री?"

"दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आत्याआजी. पण फाटकातून आत जावं लागेल."

आत्याने क्षणभर विचार केला. मग तिने रांगेतला एक नवा कोट ओढला, त्याच्या सुबक तांबड्या खिशाकडे बघितलं आणि तो कात्रीच्या हातात दिला. "याचा खिसा काढ."

"का?"

"तुझ्या आजीला बिनखिशाचा कोट घाल. आणि सुई माझ्याकडे दे. फाटकातून एकटी गेली होती ना ती, आता नाही जायची." ती आईकडे वळली. "उभी राहा नीट. आणि हलू नकोस."

"मी कुठे हलतेय?"

"हलतेयस."

कात्री टिपा उसवायला बसली. दादा, कोणी सांगितलं नव्हतं तरी, चष्मा वर करून सुईत दोरा ओवू लागला. दोघी म्हाताऱ्या एकदम बोलत होत्या, काजवालीबद्दल, मुकादमाच्या मिशीबद्दल, कोणाचा खिसा सगळ्यांत वाकडा होता त्याबद्दल, आणि एकीचंही दुसरी ऐकत नव्हती. टपाल जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसली. बराच वेळ झाला, तिला कोणी हाक मारली नाही.